हार्ड रॉक कुठून ऐकायला घ्यावं?

गेल्या ईदला सिल्लोडहून बहीण आली होती. तिचा मुलगा सध्या संभाजीनगरला इंजिनिअरिंग करतो. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मामू, ते हार्ड रॉक काय असतं हो? मी शंभर अल्बमची एक यादी उतरवून घेतली. तीन आठवडे ऐकतोय. डोकं दुखायला लागलं, पण कळलं काहीच नाही. तुम्हीच सांगा, सुरुवात कुठून करू?"

सोयगावात उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला कोणी हे विचारेल असं वाटलं नव्हतं. घरात पाहुणे होते, म्हणून त्याला दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा झालो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते युरोपातून निघून पाचगणी-मुंबईमार्गे आमच्या फर्दापूरपर्यंत येतं. ते आज लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ती यादी फाडून टाक. शंभर अल्बम एकामागून एक ऐकणं म्हणजे उर्दू शिकायला आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी गालिबचा सगळा दीवान देण्यासारखं आहे. आम्ही अलिफ-बे पासून सुरू करतो. हार्ड रॉकचं अलिफ माझ्या मते 'मशीन हेड' आहे. डीप पर्पल या इंग्रज बँडचा हा अल्बम १९७२ सालचा. सगळी मिळून सात गाणी, चाळीस मिनिटांच्या आत संपणारी.

हे मत पूर्णपणे तटस्थ नाही, हे आधीच कबूल करतो. माझी सुरुवातही तिथूनच झाली, आणि तीही अपघाताने.

अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात येतात, हे बाहेरच्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं. लेण्यांच्या पायथ्याला फर्दापूर आहे. माझे एक चाचा तिथे पर्यटकांना स्फटिकाचे दगड आणि लेण्यांच्या चित्रांची पुस्तकं विकायचे. एका गोऱ्या पर्यटकाने दगडाच्या किमतीत थोडे पैसे आणि एक कॅसेट असा सौदा केला. चाचांना ती कॅसेट काय कामाची? ती माझ्याकडे आली. मी तेव्हा बारावीत होतो. डबी नव्हती, वरची अक्षरं घासलेली होती.

घरच्या टेपरेकॉर्डरवर लावली तर आवाज खरखरीत, फाटल्यासारखा. मला वाटलं हेड खराब झालंय. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं. पुन्हा लावली. आवाज तसाच. मग अब्बांची तलत महमूदची कॅसेट लावून बघितली तर ती एकदम स्वच्छ. तेव्हा कुठे लक्षात आलं की मशीन ठीक आहे, या लोकांना आवाज फाटलेलाच हवा आहे!

भाच्या, हार्ड रॉकची पहिली गुरुकिल्ली हीच आहे. ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त आवाज द्यायला लावला की तो सूर नीट वाहून नेऊ शकत नाही, लहरीची टोकं कापली जातात आणि सूर खरबरीत, जाड होतो. लग्नाच्या मांडवात बेंजोवाला कर्णा पूर्ण उघडतो तेव्हा जे होतं तेच. साउंडवाल्याच्या दृष्टीने तो दोष. १९६० च्या दशकात काही गिटारवादकांनी त्या दोषालाच वाद्य बनवलं. जिमी हेंड्रिक्सचा १९६७ सालचा पहिला अल्बम ऐकलास तर हे उमलताना दिसेल. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने तर पुढे जाऊन हॅमंड ऑर्गनच गिटारच्या मार्शल ॲम्पला जोडला. आपण कव्वालीत पेटी ऐकत वाढलेली माणसं. पेटीला राग आला तर ती कशी वाजेल, हे ऐकायचं असेल तर लॉर्डचा ऑर्गन ऐक.

'मशीन हेड' तयार झाला त्याचीही कथा आहे. डिसेंबर १९७१ मध्ये हे लोक स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी रेकॉर्डिंगसाठी गेले. तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. ४ डिसेंबरला त्याच कॅसिनोत फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांपैकी कोणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन झाडली आणि अख्खा कॅसिनो जळाला. धूर जिनेव्हा सरोवरावर पसरलेला या लोकांनी डोळ्यांनी पाहिला. दुसरी जागा मिळाली, तर रात्रीच्या आवाजाला वैतागून शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. शेवटी हिवाळ्यासाठी बंद पडलेल्या एका हॉटेलाच्या बोळात गाद्या लावून, रस्त्यावर उभ्या असलेल्या फिरत्या स्टुडिओत त्यांनी अल्बम पुरा केला. त्या आगीवरचं 'स्मोक ऑन द वॉटर' आज जगभरात गिटार शिकणारं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात वाजवतं. त्या गाण्याची मुख्य सुरावट चार सुरांची आहे. हाताला सोपी, डोक्यातून निघायला अवघड.

शेजाऱ्यांची तक्रार आमच्याही घरी आली. अब्बा प्राथमिक शाळेत मास्तर होते. संगीत जायज की नाजायज या वादात ते फारसे पडत नसत. तलत महमूद ऐकणारा माणूस कसा पडेल? पण मोहल्ल्यात काय बोलतील याची त्यांना फिकीर असे. एके दिवशी मी कॉलेजातून आलो तर कॅसेटच्या वरच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली. ज्यांनी कॅसेटचा जमाना पाहिला त्यांना याचा अर्थ कळेल. कंपनीच्या कॅसेटवर ती खाच उघडी असते, म्हणून तिच्यावर काही भरता येत नाही. चिकटपट्टी लावली की भरता येतं. मशिदीत बाहेरगावच्या एका मौलानांची तकरीर झाली होती, ती अब्बांनी पहिल्या बाजूवर उतरवून घेतली होती. कोरी कॅसेट आणायला पैसे लागतात आणि ही घरात पडलेली होती, एवढंच त्यांचं म्हणणं. मी दोन दिवस जेवलो नाही. त्यामुळे 'मशीन हेड'ची पहिली चार गाणी मी तेव्हा जेमतेम पाच-सहा वेळा ऐकली आणि दुसऱ्या बाजूची तीन गाणी शेकडो वेळा. पहिली बाजू पुन्हा ऐकायला मिळाली ती थेट औरंगाबादला बी.एड. करताना, रूम पार्टनरच्या सीडीवर.

या प्रसंगातून अल्बम म्हणजे काय हेही कळलं. तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटं मावत. म्हणून दोन बाजू, दोन सुरुवाती, दोन शेवट. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर, याचा विचार असे. कव्वालीच्या मैफलीत हम्द, नात, मनकबत असा क्रम असतो आणि 'रंग' शेवटी येतो. मधूनच 'रंग' लावून उठून गेलास तर मैफल ऐकली असं म्हणता येत नाही. मोबाइलवर गाणी उलटसुलट वाजतात. तो पर्याय बंद करून ऐक.

दुसरा अल्बम ब्लॅक सबाथचा 'पॅरानॉइड', १९७० चा. हे चौघे बर्मिंगहॅमचे, कारखान्यांच्या वस्तीतले. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनखाली हात गेला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून दिली. तो वादक आगीत भाजल्यामुळे दोनच बोटांनी गिटार वाजवायचा. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून बेंजोच्या पातळ तारा गिटारला लावल्या. पुढे तारा सैल करून सूर खाली आणला. हेवी मेटल म्हणून जो खोल, जड आवाज पुढे जगभर गेला, त्याच्या मुळाशी एका कामगाराचा अपघात आहे. आमच्याकडे जिनिंगमध्ये बोटं गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे हा अल्बम मला कधीच सैतानी वगैरे वाटला नाही, लोकांनी कितीही म्हणू दे. त्यात युद्धाला पाठवणाऱ्या पुढाऱ्यांवर थेट चिडलेलं एक गाणं आहे. व्हिएतनामचा काळ होता तो.

तिसरा लेड झेपलिनचा चौथा अल्बम, नोव्हेंबर १९७१. याला नावच नाही, लोक 'चार नंबर' म्हणतात. इथे थोडं थांबायला हवं, कारण इथे मामला गुंतागुंतीचा आहे.

अल्बमचं शेवटचं गाणं पुराचं आहे. ते मूळचं १९२९ सालचं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय जोडीचं. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीचे बांध फुटले, लाखो माणसं बेघर झाली. त्यात कृष्णवर्णीय शेतमजुरांचे सर्वाधिक हाल झाले. ते दुःख चाळीसेक वर्षांनी इंग्लंडमधल्या एका जुन्या हवेलीत येऊन पोहोचलं. ढोल जिन्याच्या पायथ्याशी ठेवला, माइक वर टांगला आणि तो प्रचंड आवाज मिळाला. या गाण्यावर मेम्फिस मिनीचं नाव तरी छापलं. सगळीकडे तसं झालं नाही. त्यांच्या दुसऱ्या अल्बममधल्या सर्वात गाजलेल्या गाण्यावर ब्लूज गीतकार विली डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि मग त्याचं नाव लागलं. हार्ड रॉक ऐकताना हे माहीत असावं. हा सगळा वाडा अमेरिकेतल्या गरीब काळ्या माणसांच्या ब्लूजवर उभा आहे आणि भाडं बरेचदा दिलं गेलेलं नाही.

आता मुंबई. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या क्लबात त्यांनी वाजवलं, ही आठवण मुंबईच्या जुन्या रॉकवाल्यांमध्ये अजून सांगितली जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत स्वतःची दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. तबला आणि आपली तंतुवाद्यं घेऊन. 'फोर स्टिक्स' हे पाच आणि सहाच्या मात्रांत फिरणारं गाणं. मूळ गाण्यात ढोलवादक जॉन बोनम दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवतो, त्यावरून नाव पडलं. इंग्रज श्रोत्याला ही चाल विचित्र वाटते. झपतालात दोन-तीन, दोन-तीन मोजत वाढलेल्या तबलजीला त्यात विचित्र काय वाटणार?

ही रेकॉर्डिंगं त्रेचाळीस वर्षं अधिकृतपणे बाहेर आली नाहीत. चोरून केलेल्या नकला फिरत राहिल्या. २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ती आली. गाण्याच्या नावापुढे कंसात लिहिलंय: 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'.

बॉम्बे ऑर्केस्ट्रा! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिलो. तिथे तबला वाजवणाऱ्याला घर असेल, उस्ताद असेल, कदाचित भेंडी बाजारातली एखादी खोली असेल. इतिहास शिकवताना आम्ही मुलांना राजांची नावं पाठ करायला लावतो, आणि अजिंठ्याची चित्रं कोणी काढली विचारलं तर सांगायला एक नाव नसतं. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराचं नाव हरवणं समजू शकतं. १९७२ मध्ये कागद होता, पेन होतं. विली डिक्सनला कोर्टात जाता आलं. मुंबईच्या त्या वादकांना तर आपण जगातल्या सर्वात मोठ्या बँडबरोबर वाजवलं याचा पुरावाच चाळीस वर्षं बाजारात नव्हता. भाच्या, चार नंबर ऐकून झाला की ही दोन गाणी शोधून ऐक, आणि गिटारऐवजी तबल्याकडे कान दे.

याच बँडचं 'काश्मीर' १९७५ च्या 'फिजिकल ग्राफिटी' या दुहेरी अल्बममध्ये आहे. नावावर जाऊ नकोस. प्लँटला त्याचे शब्द सुचले ते मोरोक्कोच्या दक्षिणेतल्या वाळवंटी रस्त्यावर. त्यात गिटार तीनात फिरते आणि ढोल चारात, बारा मात्रांनी दोघांची सम जुळते. तालाचा कान असलेल्याला हे गाणं सहज उलगडतं. पण दुहेरी अल्बम सुरुवातीला घेऊ नये. दमशील.

भाच्याने ईदच्या दिवशी अजून एक प्रश्न विचारला होता, थोडा आवाज खाली करून. "मामू, त्या क्वीनच्या गाण्यात 'बिस्मिल्लाह' कसं काय?"

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', १९७५. त्यात हा शब्द खरंच आहे. आणि तो गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या साताऱ्याच्या पाचगणीत शिकलेला आहे. मूळ नाव फारोख बलसारा. पारशी घर, मूळ गुजरातच्या बलसाडकडचं, म्हणून आडनाव बलसारा. जन्म १९४६ चा, झांझिबारचा. वडील ब्रिटिश सरकारच्या कचेरीत रोखपाल. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. तिथे तो पियानो शिकला आणि १९५८ च्या सुमारास मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता, फारोख पियानोवर असायचा. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली, अरब आणि हिंदी लोकांच्या कत्तली झाल्या, आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेलं.

झांझिबार हे बहुसंख्य मुसलमानांचं बेट. तिथे बालपण घालवलेल्या मुलाच्या कानावर 'बिस्मिल्लाह' रोज पडत असणार. १९७८ च्या 'जॅझ' या अल्बमची सुरुवातच 'मुस्तफा' नावाच्या गाण्याने होते आणि त्यातही अरबी शब्द आहेत. काही लोक यात अपमान शोधतात, काही जण उलट अभिमानाने मिरवतात. मला दोन्ही पटत नाही. मला त्यात घर सुटलेल्या पोराच्या कानात उरलेले आवाज ऐकू येतात. आयुष्यभर तो आपल्या मूळ नावाबद्दल आणि पाचगणीबद्दल फारसं बोलला नाही. का, ते आडनावावरून घर नाकारलं गेलेल्या कोणालाही समजेल.

क्वीनचा कोणता अल्बम घ्यावा? सगळे 'अ नाइट ॲट द ऑपेरा' सांगतील. मी त्याआधीचा, १९७४ चा 'शीअर हार्ट अटॅक' सांगेन. त्यात कडक गिटार जास्त आहे. ती गिटार ब्रायन मेने पोरवयात वडिलांबरोबर घरीच बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. वाजवतोही तो नाण्याने.

मुंबईतही या संगीताची स्वतःची वंशावळ आहे. सत्तरच्या सुमारास सिमला सिगारेटवाल्यांनी 'सिमला बीट' नावाची बँडची स्पर्धा भरवली. देशभरातून पोरं आली आणि १९७० व ७१ च्या तबकड्या निघाल्या. परदेशी संग्राहकांनी त्या नंतर शोधून पुन्हा छापल्या. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' होऊ लागला. उघडं नाट्यगृह, बाजूला कॉलेज आणि हॉस्पिटल. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवन बंद पडलं. हॉस्पिटलच्या बाजूने विचार केला तर चूक म्हणता येत नाही, पण पर्यायी जागा कोणी दिली नाही हेही खरं. 'रॉक मशीन' हा तिथला सर्वात नावाजलेला बँड. १९८८ चा 'रॉक एन रोल रेनेगेड' हा त्यांचा पहिला अल्बम, १९९० चा 'द सेकंड कमिंग' दुसरा. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' असं नाव घेतलं. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. दुसरा अल्बम ऐक. आपल्या मुंबईत हे होत होतं आणि मराठवाड्यात त्याचा पत्ता नव्हता, याचं मला वाईट वाटतं. आमच्यापर्यंत ते एका पर्यटकाच्या खिशातून आलं.

शेवटी एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक', १९८०. हा तर पहिला घेतलास तरी चालेल, इतका सरळ आहे. त्यांचा गायक बॉन स्कॉट त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला, नवा गायक आला आणि जुलैत अल्बम बाहेर. वेष्टन पूर्ण काळं, मातमचं. सुरुवात घंटेच्या टोल्यांनी. आत मात्र रडारड अजिबात नाही.

एवढे पाच-सहा पुरे. प्रत्येक अल्बम निदान चार वेळा, हेडफोन लावून, कमी आवाजात. शब्द कळत नाहीत अशी तुझी तक्रार होती. खुल्दाबादच्या उरुसात फारसी कलाम ऐकताना तुला किती कळतं? तिथे तर पहाटेपर्यंत बसतोस.

हे सगळं लिहायच्या आधी मी कपाटातून ती जुनी कॅसेट काढली. टेपरेकॉर्डर बंद पडलेला, पाचोऱ्याहून बेल्ट बदलून आणला. पहिल्या बाजूची तकरीर पंचवीस वर्षांत मी एकदाही पूर्ण ऐकली नव्हती. शेवटी मौलाना सलाम करतात, लोक उठल्याचा गलका होतो, आणि मग माइकच्या अगदी जवळून अब्बांचा आवाज येतो: "बंद हुई क्या ये?" मग खट्. त्यानंतर थोडी खरखर आणि न पुसलं गेलेलं शेवटच्या गाण्याचं अर्धं मिनिट.

अब्बांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग घरात नाही. भाच्याला म्हटलंय, येताना लॅपटॉप आण, दोन्ही बाजू उतरवून घ्यायच्या आहेत.